हेरन कोर्टचं नसलेलं गटार

लायल हॅकेट मास्तरांनी छत्तीस वर्षं ऑस्ट्रेलियातल्या बिलानूकच्या हायस्कुलात भूगोल शिकवला. पाणी उताराकडे वाहतं, ही गोष्ट त्यांनी गावाच्या दोन पिढ्यांना फळ्यावर बाण काढून काढून सांगितली, आणि स्वतः घर घेतलं ते हेरन कोर्ट नावाच्या उताराच्या गल्लीत, अगदी तळाला. हेरन म्हणजे बगळा. ज्या बिल्डरने गल्लीला बगळ्याचं नाव दिलं त्याला काहीतरी ठाऊक असणारच, असं मास्तरांची बायको नोरीन गेली एकतीस वर्षं म्हणते आहे.

गल्लीत घरं नऊ. रस्ता वरून डुलत डुलत येतो आणि मास्तरांच्या फाटकासमोर संपतो. तिथेच रस्त्याच्या कडेला एक लोखंडी जाळी, आणि जाळीखाली पावसाचं पाणी नेणारं गटार. नऊ घरांच्या छपरांवरचं पाणी गुपचूप त्या जाळीतून खाली जावं, अशी योजना. गेल्या डिसेंबरात, ऐन उन्हाळी पावसात, ते पाणी जाळीपाशी आलं, जरा थांबलं, आणि आत जाण्यापेक्षा मास्तरांकडे गेलेलं बरं असं ठरवून फाटकातून वळलं. गॅरेज झालं. मग तळमजल्यावरची नोरीनची शिवणाची खोली झाली. सात गोधड्या गेल्या. त्यांतली एक तर जत्रेत पहिल्या बक्षिसाची होती.

नोरीन रडली नाही. रडली असती तर मास्तरांना परवडलं असतं. दुसऱ्या दिवशी ती समुद्राजवळच्या एका नव्या इमारतीचं रंगीत पत्रक घेऊन आली आणि फ्रिजवर कोळंबीच्या आकाराच्या चुंबकाखाली लावून मोकळी झाली. तिसरा मजला, दोन खोल्या, लिफ्ट.

"पुढच्या पावसात एक थेंब जरी आत आला ना लायल," ती म्हणाली, "तर घर विकायचं. मी तिसऱ्या मजल्यावर. तुला यायचं तर ये, नाहीतर पाण्यासोबत राहा."

मास्तरांना ते घर जिवापाड आवडायचं. मागचं लिंबाचं झाड त्यांनी हाताने लावलेलं. पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे जुने नकाशे, तुटलेला पृथ्वीगोल आणि रेडिओ. तिसऱ्या मजल्यावर लिंबाचं झाड कुठे लावायचं, या विचाराने त्यांना वर्षभर नीट झोप लागली नव्हती. म्हणून ऑक्टोबर उजाडताच त्यांनी नगरपालिकेला फोन लावला. एक फोन करायचा, एक माणूस येणार, गाळ काढणार, संपलं. साधं काम.

फोनवर टीगन नावाची मुलगी होती. इतकी गोड बोलायची की तिच्यावर रागावणं म्हणजे पाप.

"गटार तुंबलंय? अरेरे. सांडपाण्याचं की पावसाचं?"

"पावसाचं."

"छान. सांडपाण्याचं असतं तर आमचा संबंध नव्हता. आता सांगा, पाल्याने तुंबलंय की मातीने? पाला असेल तर उद्यान विभाग, माती असेल तर रस्ते विभाग."

मास्तरांनी वाकून जाळीत पाहिलं. "दोन्ही आहे."

"दोन्ही असा रकानाच नाहीये हो, लायल."

बरीच भवति न भवति होऊन माती ठरली. मग टीगनने गटाराचा क्रमांक विचारला. गटाराला क्रमांक असतो हे मास्तरांना नवीन होतं. प्रत्येक गटाराला असतो, ती म्हणाली, थांबा, मी नकाशावर बघते. मास्तर थांबले. उन्हात टोपी न घालता थांबले.

"तुमच्या गल्लीत गटार दिसत नाहीये."

"मी त्याच्यासमोर उभा आहे."

"माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण नकाशावर नाहीये ना."

हे वाक्य दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर चाललं असतं. छत्तीस वर्षं मास्तरांनी पोरांना बजावलं होतं, की समोरची जमीन आणि हातातला नकाशा यांचं जुळलं नाही तर आधी स्वतःचे डोळे तपासा. तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे डोळे तपासले. चष्मा पुसला. जाळीवर एक पाय ठेवला, मग दोन्ही पाय ठेवले. गटार होतं.

टीगनने तरीही तक्रार नोंदवली. प्रकार: अडथळा. वर्ग: चौथा. मुदत: दोनशे साठ कामाचे दिवस. आणि तक्रारींच्या वर्गांचं चार पानी माहितीपत्रक टपालाने पाठवते म्हणाली. ते पत्रक तिसऱ्या दिवशी आलं. मास्तरांनी सरळ शेवटचं पान उघडून चौथा वर्ग वाचला, कपाळाला हात लावला आणि पत्रक टेबलावर टाकलं. नोरीनने ते उचललं, चष्मा लावला आणि शिवणाच्या खोलीत वाचायला नेलं. तिला छापलेलं काहीही अर्धवट सोडवत नाही, औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा.

ही बातमी गल्लीत फुटायला वेळ लागला नाही. वरच्या अंगाला नेव्ह डुगन राहतो. निवृत्त प्लंबर. त्याच्याकडे पिकअप गाडी आहे, ट्रेलर आहे, आणि जगातल्या प्रत्येक विषयावर मत आहे. तो हातात बिअर घेऊन खाली आला आणि जाळीकडे खूप वेळ बघत राहिला.

"फोन करताना काय सांगितलंस?"

"गटार तुंबलंय असं."

"तिथेच चुकलं! मेलेला कांगारू पडलाय म्हणून सांगायचं. मेलेल्या जनावराला हे लोक तासाभरात येतात. आले की म्हणायचं, कांगारू कुठे गेला कोण जाणे, पण आलाच आहात तर एवढं बघून जा."

"पण कांगारू नाहीये."

"अरे बाबा, त्यांच्या मते गटारही नाहीये! फिट्टंफाट."

"खोटं सांगून आलेली गाडी माझ्या दारात नको," मास्तर म्हणाले. बोलताना त्यांचा आवाज आपोआप वर्गातल्यासारखा झाला. नेव्हने बिअरचा घोट घेतला आणि असल्या माणसाचं काय होणार, अशा नजरेने नोरीनकडे पाहिलं. नोरीन दारात उभी होती.

समोर राहतात स्टाव्रूलाबाई. वय अठ्ठ्याहत्तर. ग्रीसमधलं बेट सोडून पन्नास वर्षं झाली तरी सगळ्या गोष्टींची तुलना त्या बेटाशीच होते. बाईंनी आपलं सगळं अंगण सिमेंटने पक्कं करून घेतलंय; गवत म्हणजे आळशीपणा, असं त्यांचं म्हणणं. त्या सिमेंटवरचं सगळं पाणी कुठे जातं हा प्रश्न मास्तरांनी कधी विचारला नाही, कारण बाई दर आठवड्याला टोमॅटो आणून देतात.

"अरे पोरा," सदुसष्ट वर्षांच्या मास्तरांना त्या म्हणाल्या, "आमच्या बेटावर गटार तुंबलं की त्यातला चिखल नगराध्यक्षाच्या दारात नेऊन ओतायचे. दुसऱ्या दिवशी गटार साफ."

मास्तरांनी रीतसर मार्गच धरला. पुराव्यासाठी फोटो पाठवले. उत्तर आलं, की आकाराचा अंदाज येत नाही, शेजारी एखादी ओळखीची वस्तू ठेवून फोटो काढा. मास्तरांनी आपली चप्पल ठेवून फोटो काढला. तीन दिवसांनी हरवलेल्या वस्तूंच्या विभागातून फोन आला. आपली चप्पल सापडल्याची नोंद झाली आहे, ओळखपत्र घेऊन या. चप्पल माझ्या पायात आहे, असं मास्तरांनी सांगितलं. मग नोंद रद्द करायला अर्ज भरावा लागेल, असं उत्तर मिळालं. तो अर्ज मास्तरांनी भरला. त्याची पोच दुसऱ्या दिवशी आली. गटाराची पोच मात्र अजून यायची होती.

असा नोव्हेंबरचा तिसरा आठवडा आला, म्हणजे अडगळीचा आठवडा. वर्षातून एकदा नगरपालिका घरातली मोठी अडगळ फुकट उचलते. दारापुढच्या गवतावर ठेवायची, सोमवार ते शुक्रवार केव्हाही गाडी येते. आणि गाडी यायच्या आधी अख्खा गाव ट्रेलर लावून गल्लीबोळांतून हिंडतो, कारण अडगळीच्या आठवड्यात गवतावर ठेवलेली वस्तू उचलेल त्याची. हा कायदा कुठे लिहिलाय कोणी विचारत नाही. मास्तरांच्या बैठकीतला दिवाही असाच आलेला आहे.

त्या आधीच्या शनिवारी सकाळी मास्तर, नेव्ह आणि देखरेखीला स्टाव्रूलाबाई असे तिघे गटारावर चालून गेले. नेव्हच्या पहारीने जाळी उचलली. आतून काय काय निघालं! चिखल, निलगिरीची सालं, चार टेनिसचे चेंडू, नाताळच्या सजावटीतल्या हरणाचं एक शिंग, आणि स्टाव्रूलाबाईंची गेल्या वर्षी हरवलेली कात्री, जी नेव्हने नेली असा बाईंचा वर्षभर संशय होता. बाईंनी कात्री पुसली, पिशवीत टाकली आणि नेव्हची माफी मागितली नाही. दुपारपर्यंत गवतावर चिखलाची टेकडी उभी राहिली.

दीड महिना गटाराकडे न फिरकलेली नगरपालिका चिखलासाठी चाळीस मिनिटांत आली. पांढऱ्या गाडीतून रसेल नावाचे निरीक्षक उतरले. मोजे गुडघ्यापर्यंत ओढलेले, हातात यादी.

"अडगळीत माती चालत नाही."

"ही गटारातली आहे," मास्तर म्हणाले. "तुमच्याच."

रसेलसाहेबांनी नकाशा पाहिला. "इथे गटार नाही."

"तुम्ही त्याच्यावर उभे आहात!"

साहेबांनी एकदा पायाखाली पाहिलं, एक पाऊल बाजूला झाले, आणि हा आपला विभाग नव्हे असं म्हणाले. घरगुती वस्तू चालतात, माती चालत नाही. सोमवारपर्यंत हटली नाही तर नोटीस.

साहेब गेले. नेव्हने हनुवटी खाजवली. "घरगुती वस्तू चालतात म्हणाला ना?"

पुढचे दोन तास हेरन कोर्टच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहावेत असे होते. नेव्हने गॅरेजमधून जुना बाथटब ओढत आणला, त्यात चिखल भरला. स्टाव्रूलाबाईंनी नवऱ्याचं कपाट दिलं. खण उघडून त्यात चिखल, वर नीट बंद. मास्तरांचं बंद पडलेलं कपडे धुण्याचं मशीन ड्रमपर्यंत भरलं. शेवटी नेव्हचाच एक बंद पडलेला फ्रिज. वरच्या कप्प्यात बारीक माती, खाली जाड, भाज्यांच्या ट्रेमध्ये पाला. सगळं घरगुती. रविवारी रसेलसाहेब पुन्हा डोकावले. प्रत्येक वस्तू उघडून बघितली. फ्रिजपाशी ते खूप वेळ उभे राहिले आणि शेवटी यादीवर बोट ठेवून म्हणाले, "फ्रिजचं दार काढलेलं असलं पाहिजे. लहान मुलं अडकतात."

दार काढलं. साहेबांनी खूण केली.

पण धोका वेगळाच निघाला. दुपारी ट्रेलर घेऊन दोन जण आले, त्यांनी कपडे धुण्याचं मशीन उचलून बघितलं आणि खूश झाले. "काय दणकट आहे! असलं हल्ली बनत नाही," असं म्हणत ते घेऊन गेले. बाकीची अडगळ सोमवारपर्यंत टिकावी म्हणून मास्तर स्वतः राखण करायला बसले. गवतावर आपली आवडती आरामखुर्ची ठेवली, पेपर उघडला, अर्ध्या तासाने लघवीला आत गेले, आणि परत येऊन बघतात तो पेपर गवतावर आणि खुर्ची गायब. बत्तीस वर्षांची खुर्ची. तिच्यात मास्तरांच्या पाठीचा आकार बसला होता. तो आकार आता दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडणार, या विचाराने त्यांचं जेवणात लक्ष लागेना.

सोमवारी गाडी आली, बाथटब, कपाट, फ्रिज सगळं निमूट गेलं. नेव्हने बागेचा नळ गटारात सोडला. मास्तर श्वास रोखून उभे राहिले. पाणी चढलं, जाळीपाशी आलं आणि तिथेच हिरवट चेहरा करून बसून राहिलं.

"खाली नळीत मुळं गेलीत," नेव्ह म्हणाला. "हाताने होणार नाही. जोरदार पाण्याचं मशीन लागतं. ते फक्त नगरपालिकेकडे."

त्या संध्याकाळी बातम्यांत सांगितलं, गुरुवारी दुपारपासून मुसळधार. मास्तरांनी रेडिओ बंद केला. नोरीन फ्रिजसमोर उभी राहून पत्रकाकडे बघत होती. मास्तरांना वाटलं, आपण हरलो. नकाशावर नसलेल्या गटाराने आपल्याला हरवलं. ते मागच्या दारी जाऊन लिंबाच्या झाडापाशी उभे राहिले. पानाला हात लावला. वास आला, आणि डोळ्यांत पाणी आलं.

बुधवारी सकाळी शेवटचा प्रयत्न. नेव्हने लोखंडी स्प्रिंगची लांब सळई आणली. जाळी उचलून गवतावर ठेवली आणि दोघांनी सळई आत खुपसायला सुरुवात केली. पाच फूट, सात फूट, मग ती अडकली, मग तुटली. पुढचं टोक आतच राहिलं. नेव्हने एक शिवी दिली, ती शिक्षकासमोर दिल्याबद्दल माफी मागितली आणि पुन्हा दिली.

"दहा वाजले," दारातून नोरीनने हाक मारली. "दोघं आत या. चहा केलाय. लॅमिंग्टन पण आहेत, आत्ताच केलेत."

मास्तर चकित झाले. नेव्हला चिखलाच्या बुटांनी घरात यायची परवानगी एकतीस वर्षांत मिळाली नव्हती. पण लॅमिंग्टन म्हणजे चॉकलेट आणि खोबऱ्यात घोळवलेला मऊ केक. तिथे प्रश्न विचारायचे नसतात. दोघांनी तीन तीन खाल्ले. नोरीन मधेच टोमॅटो घेऊन येते म्हणून बाहेर गेली आणि बऱ्याच वेळाने धापा टाकत परत आली. टोमॅटो आणले नव्हते.

"संपले," ती म्हणाली.

बाहेर आले तर जाळी नाही! गवतावर तिचा चौकोनी ठसा, बाकी काही नाही. गटाराचं भोक आ वासून उघडं. आणि त्याच्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, डोक्यावर छत्री उघडून, मांडीवर काठी आडवी ठेवून स्टाव्रूलाबाई बसलेल्या.

"बाई! जाळी कुठे गेली?"

"मला काय माहीत? मी आत्ताच आले. भोक दिसलं. कोणी पडू नये म्हणून बसले."

"कोणी नेली ते बघितलं नाहीत?"

"म्हातारीला काय दिसतंय पोरा."

"भंगारवाले!" नेव्ह ओरडला. "अडगळीचा आठवडा आहे ना. गवतावर लोखंड ठेवलं, नेणारच. अरे, तुझी खुर्ची गेली तरी शिकला नाहीस?"

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. सार्वजनिक मालमत्ता. आपल्या हातून. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही, खिशातून फोन काढला. "टीगन, मला एक कबुली द्यायची आहे. गटाराची जाळी मी उचलून गवतावर ठेवली होती आणि ती चोरीला गेली. भोक उघडं आहे. दंड काय असेल तो—"

"उघडा खड्डा?" टीगनचा आवाज एकदम बदलला. मागे तिची बोटं भराभरा चालत असल्याचं ऐकू आलं. "रस्त्यावर? कोणी पडलंय?"

"नाही, एक बाई बसल्यात."

"वर्ग पहिला. दोन तासांच्या आत गाडी येईल. खड्ड्यापासून लांब राहा."

"पण टीगन, ते नकाशावर नाही ना."

"खड्ड्याला नकाशा लागत नाही, लायल."

पन्नास मिनिटांत गाडी आली. एक नव्हे, दोन. पिवळे दिवे फिरताहेत, मागच्या गाडीवर अजगराएवढी नळी गुंडाळलेली. पुढच्या गाडीतून चाळिशीची एक दणकट बाई उतरली, नारिंगी बंडी, कानावर पेन्सिल. तिने मास्तरांकडे पाहिलं आणि पेन्सिल एकदम खाली घेतली.

"हॅकेट सर? मी शॅरन. शॅझ. नऊ-ब, खिडकीकडची शेवटची रांग."

मास्तरांना चेहरा आठवेना, पण पेपर आठवला. "नदी डोंगरावर चढवणारी?"

"तीच. नकाशावाचनात नापास केलं होतंत तुम्ही मला."

ती भोकाच्या काठावर पाय आत सोडून बसली, तिने हातातल्या पडद्यावर बघितलं आणि भुवया उंचावल्या. "सर, नवी जाळी बसवायला गटाराचा क्रमांक लागतो. आणि इथं तर गटारच नाहीये."

"शॅरन," मास्तर शांतपणे म्हणाले, "तू त्यात पाय सोडून बसली आहेस."

शॅझने पायाकडे पाहिलं, मग हसायला लागली. आधी हळूच, मग पोट धरून. "म्हणजे नवीन नोंद मलाच करावी लागणार. नकाशावर टिंब मी द्यायचं?" तिने बोट टेकवलं. मास्तरांनी खांद्यावरून वाकून बघितलं. टिंब स्टाव्रूलाबाईंच्या छपरावर पडलं होतं.

"दक्षिणेला," मास्तर म्हणाले. "अजून. अजून थोडं. उजवीकडे... बस."

"आता पास का सर?"

"पास," मास्तर म्हणाले.

गटार क्रमांक ४४१७. दीड महिना दारोदार हिंडलेलं गटार एका टिंबाने जगात आलं. आणि नवी जाळी बसवायची तर नियमाने जाळीखालचा खड्डा आणि नळी साफ असलीच पाहिजे. जुन्या गाळावर नवी जाळी चालत नाही. गाडीवरची नळी आत सोडली, मशीन गुरगुरलं. पहिल्यांदा काळं पाणी उसळलं, मग मुळांचे गुंते, मग नेव्हच्या सळईचं टोक, आणि मग गल्लीच्या पोटातून असा प्रचंड आवाज आला की स्टाव्रूलाबाई छातीवर क्रॉसची खूण करत उठून उभ्या राहिल्या. पाणी गेलं. सगळं गेलं. नेव्हने टोपी काढली आणि ती छातीशी धरली.

गुरुवारी दुपारी तीनला आभाळ फाटलं. हेरन कोर्टातली झाडून सारी माणसं खाली आली, रेनकोट, छत्र्या, कोणी डोक्यावर टॉवेल. नऊ घरांचं पाणी तांबूस होऊन धावत आलं, जाळीभोवती गरगरलं, नोरीनने मास्तरांचा दंड घट्ट धरला. आणि मग गटाराने असा एक घोट घेतला, मोठ्याने, तृप्तपणे, की सगळी गल्ली ओरडली. नेव्ह नाचला. स्टाव्रूलाबाईंनी मास्तरांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. मास्तरांच्या फाटकातून आत एक थेंबही आला नाही.

त्याच वेळी मास्तरांच्या खिशातला फोन किणकिणला. नगरपालिकेचा निरोप. त्यांनी तो भर पावसात सगळ्यांना खड्या आवाजात वाचून दाखवला: "आपली अडथळ्याची तक्रार. नकाशा तपासणी केली असता सदर ठिकाणी गटार आढळले नाही. तक्रार निकाली."

पाऊस जास्त की हसणं जास्त, कळेना. "उत्तर दे! उत्तर दे!" नेव्ह ओरडला. मास्तरांनी ओल्या बोटांनी लिहिलं: "आभारी आहे. नसलेलं गटार उत्तम चाललं आहे."

पाऊस ओसरल्यावर मास्तर शिवणाच्या खोलीत उतरले. फरशीवर हात फिरवला, कोरडी ठणठणीत. टॉवेल काढावा म्हणून त्यांनी कापडांच्या ढिगामागे हात घातला आणि बोटाला काहीतरी गार लागलं. लोखंड. कापड बाजूला केलं. गटाराची जुनी जाळी. घासून पुसून स्वच्छ, बक्षिसाच्या गोधडीच्या उरलेल्या तुकड्यात गुंडाळलेली.

मागे पावलं वाजली. नोरीन चहाचे दोन मग घेऊन दारात उभी होती.

"नोरीन, हे काय?"

"अडगळ."

"ही सार्वजनिक मालमत्ता आहे! तू... मी टीगनला चोरीला गेली म्हणून सांगितलं!"

"तू खरंच सांगितलंस. तुला माहीत होतं तेवढं खरं होतं. म्हणून तर तुला सांगितलं नाही." तिने मास्तरांचा चहाचा मग टेबलावर ठेवला. "अडगळीच्या आठवड्यात गवतावर ठेवलेली वस्तू उचलेल त्याची. मी उचलली. म्हणजे स्टाव्रूलाने आणि मी, ढकलगाडीवर. पाठ अजून दुखतेय. तू माहितीपत्रकाचं शेवटचं पान वाचलंस, मी पहिल्यापासून वाचलं. पहिल्याच पानावर पहिला वर्ग आहे. उघडा खड्डा, दोन तास."

एवढ्यात मास्तरांची नजर शिवणाच्या मशीनकडे गेली. नोरीन नवी गोधडी जोडत होती. षटकोनी तुकडे, प्रत्येकात आतून कागदाचा साचा टाचलेला. त्यांनी एक तुकडा उलटा केला. कागदावर निळा समुद्र होता, आणि तिसऱ्या मजल्याच्या गच्चीचा अर्धा कठडा.

"पत्रक कापलंस?"

"कागद जाड होता, चांगला," नोरीन म्हणाली. "त्या फ्लॅटमध्ये शिवणाची खोली कुठे होती? वर्षभर शोधली मी. आणि लिंबाशिवाय भरीत भर म्हणून मला तुलाही सांभाळावं लागलं असतं."

मास्तरांनी चहाचा मग दोन्ही हातांत धरला. मग एकदम आशेने म्हणाले, "नोरीन, म्हणजे माझी खुर्चीसुद्धा—"

"नाही हं. ती खरंच चोरीला गेली."

मास्तरांनी मान डोलावली, गटाराची जाळी आडवी केली, गोधडीचा तुकडा नीट पसरला आणि तिच्यावर बसून चहा प्यायले.